सत्तेचाळीसचा आवाज

मावशीचं बोटातलं वळं हरवून अकरा दिवस झाले, तेव्हा कुठे तिने मला फोन केला. तोवर ती एकटीच शोधत होती. नदीकाठच्या त्या हिरवळीवर दोनदा जाऊन आली होती, आम्ही ज्या चटईवर बसलो होतो ती झटकून झाली होती, पिशव्या उलट्या करून झाल्या होत्या. "तुझ्याकडे ते जमिनीतला धातू शोधायचं यंत्र आहे ना, मेटल डिटेक्टर, ते घेऊन येशील?" एवढंच म्हणाली. मी विचारलं, "वळं कसं होतं गं?" ती म्हणाली, "काकांच्या वळ्याची जोडी. अगदी तसंच, थोडं लहान."

तेवढं मला पुरेसं वाटलं. पुढे मी जी चूक केली तिचं मूळ या एका उत्तरात होतं, आणि उत्तर खोटं तर मुळीच नव्हतं.

काका जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं वळं मावशीने एका डबीत जपून ठेवलं आहे. ते मी तिच्याकडून मागून घेतलं, उघड्या मातीवर ठेवलं आणि यंत्राच्या टोकाची चपटी थाळी, म्हणजे कॉइल, त्यावरून फिरवली. स्क्रीनवर आकडा आला 62. आडव्या दिशेने फिरवली, पुन्हा 62. कॉइल वीतभर वर धरली, 61 आणि 62. मावशीचं वळं थोडं लहान, म्हणजे त्याचा आकडा दोन-चारांनी खाली असणार. मी वहीत लिहिलं, '56 ते 63', आणि खाली रेघ मारली. त्या हिरवळीवर माणसं वर्षानुवर्षं डबे उघडून बसतात, त्यामुळे तिथे चंदेरी फॉइलचे तुकडे जागोजागी पुरलेले. माझ्या यंत्रावर फॉइल चाळिशीत बोलतं. म्हणून मी 52च्या खालचं सगळं बंद करून टाकलं. त्या आकड्याखालची कुठलीही वस्तू कॉइलखाली आली तरी यंत्राने गप्प बसायचं, असा तो हुकूम.

दोन संध्याकाळी मी ती हिरवळ पट्ट्यापट्ट्याने पालथी घातली. नऊ नाणी मिळाली, कॅनच्या कड्या मिळाल्या, एक जुनी किल्ली मिळाली. वळं नाही.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी तो आकडा म्हणजे काय ते सांगायला हवं. नवखी माणसं या आकड्याकडे नावाच्या पाटीसारखी पाहतात. मीही पहिलं वर्षभर तशीच पाहायचे. 85 म्हणजे चांदी, 60 म्हणजे सोनं, 20 म्हणजे खिळा. पण जमिनीखालच्या वस्तूला यंत्र तिचं नाव विचारतच नाही. ते तिला एक हलकासा धक्का देतं आणि ती किती वेळ थरथरते ते पाहतं.

कॉइलमध्ये तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून वीज सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे फिरते. आपण छंदासाठी वापरतो त्या बहुतेक यंत्रांत हा वेग साधारण 3 ते 30 किलोहर्ट्झच्या दरम्यान असतो. त्यामुळे कॉइलभोवती आणि खाली जमिनीत एक सतत पालटणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगात विजेचे छोटे भोवरे उठतात. हे भोवरे स्वतःचं एक इवलंसं चुंबकीय क्षेत्र तयार करतात, आणि कॉइलमधलं दुसरं वेटोळं ते टिपतं. आता खरी गंमत पुढे आहे. हे परत आलेलं उत्तर थोडं उशिरा येतं. वस्तू जाड, मोठी आणि विजेला मोकळी वाट देणारी असेल, तर भोवरे रेंगाळतात आणि उशीर वाढतो. वस्तू पातळ किंवा बारीक असेल, धातू विजेला अडवणारा असेल, तर भोवरे उठतात आणि लगेच विरतात. लोखंडाची तऱ्हा न्यारी. ते चुंबकीय क्षेत्रालाच आपल्याकडे ओढतं, त्यामुळे त्याचं उत्तर वेगळ्याच बाजूने येतं. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे हा उशीर. बनवणाऱ्याने तो आपल्या सोयीच्या पट्टीवर बसवलेला असतो. काही यंत्रांवर पट्टी 0 ते 99 असते, काहींवर उण्यातून सुरू होऊन 40वर संपते. म्हणून एकाने सांगितलेला आकडा दुसऱ्याच्या यंत्रावर कामाचा नाही. माझे इथले सगळे आकडे माझ्या यंत्राचे, एवढं ध्यानात ठेवावं.

म्हणजे आकड्यात धातू असतो, पण नुसता धातू नसतो. जाडी असते, आकार असतो, वस्तू कशी पडली आहे ते असतं. आणि ती अखंड आहे की नाही, हेही असतं. हे शेवटचं मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होतं. त्याचा अर्थ मावशीच्या वळ्याने शिकवला.

नाण्यांचं तुलनेने सोपं आहे, आणि त्यात एक आनंदही आहे जो मला सहा वर्षांनंतरही जुना झालेला नाही. नाणं गोल, सपाट, अखंड. विजेच्या भोवऱ्याला याहून बरं अंगण कुठलं मिळणार! चांदी ही विजेची सर्वांत चांगली वाहक, तिच्यामागे तांबं. त्यामुळे चांदीचं जाड नाणं माझ्या यंत्रावर 85 ते 92च्या आसपास बोलतं आणि आवाज असा येतो की हात आपोआप थांबतो. उंच, गोल, काठ नसलेला आवाज. कॉइल डावीकडून नेली तरी तोच, उजवीकडून आणली तरी तोच. मी चौफेर फिरून ऐकते आणि तो जराही हलत नाही. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ खणलंच नाही. आवाजच ऐकत राहिले.

पण तांबं-निकेलचं नाणं घ्या. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेल यांचं असतं. एवढं तांबं म्हटल्यावर ते वरच्या आकड्यात बोलेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते खूप खाली, फॉइल आणि कॅनच्या कड्यांच्या शेजारी जाऊन बसतं. कारण दोन धातू एकमेकांत मिसळले की विजेची वाट खडबडीत होते. शुद्ध तांब्यात जितकी वीज सहज वाहते तिच्या जेमतेम विसाव्या हिश्शाइतकीच या मिश्रणात वाहते. तिसरा प्रकार नव्या जमान्याचा. युरोची 1, 2 आणि 5 सेंटची नाणी, ब्रिटनची 1992पासूनची एक आणि दोन पेनीची नाणी वरून तांब्याची, आतून पोलादी. डोळ्यांना तांबं दिसतं, यंत्राला पोलाद जाणवतं, आणि आकडा भांबावून उड्या मारतो. अशा नाण्यांचा देश असेल तिथे 'नाण्याचा आकडा' असा एक आकडा नसतोच.

नाणं जमिनीत काठावर उभं असेल तर आणखी निराळं. कॉइलला त्याचं तोंड दिसत नाही, धार दिसते. आवाज बारीक होतो, कधी एकाच वस्तूचे दोन आवाज ऐकू येतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. खणताना ते नाणं खड्ड्याच्या भिंतीत असतं, आणि आपण तळाशी शोधत राहतो.

गंजलेल्या लोखंडाने मला जितकं फसवलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. साधा सरळ खिळा घरघरतो, त्याला चुकायचं कारण नाही. पण वाकलेला खिळा, लोखंडी वायसर, पत्र्याचा सपाट तुकडा यांच्या आवाजाला अधूनमधून चांदीसारखं उंच टोक येतं. सुरुवातीला मी प्रत्येक उंच टोकामागे धावायचे. आता तीन गोष्टी करते. आधी जागेवरच काटकोनात वळून पुन्हा कॉइल फिरवते. नाणं दोन्ही दिशांनी तेच सांगतं, खिळा एका दिशेने गातो आणि दुसरीकडून घरघरतो. मग पिनपॉइंटवर जाऊन वस्तूचं नेमकं ठिकाण पाहते. उंच आवाज जिथे येत होता तिथे वस्तू नसेल, चार बोटं बाजूला असेल, तर बहुधा लोखंड. आणि बाटलीच्या पत्र्याच्या बुचाचा संशय असेल तर कॉइलचं पोट त्यावरून न नेता नुसती कडा नेते. पोटाखाली नाण्यासारखं बोलणारं बूच कडेखाली येताच फुटक्या, खरखरीत आवाजात आपलं लोखंडपण सांगून टाकतं. हे सगळं करूनही दहातली दोन-तीन बुचं मी खणतेच. त्याला इलाज नाही.

खोलीचं गणित फार कठोर आहे. छोट्या वस्तूकडे जाताना क्षेत्र झपाट्याने विरतं आणि परत येतानाही तसंच, त्यामुळे वस्तू दुप्पट खोल गेली की येणारं उत्तर साधारण चौसष्टाव्या हिश्शावर येतं. खोलवरचं नाणं म्हणूनच कुजबुजतं. त्याचा आकडाही टिकत नाही, 78, 84, 71 असा लडखडतो. लोहखनिजाची माती असेल तर तर पारच भरकटतो, कारण मातीही कॉइलशी बोलत असते आणि तिचा आवाज त्या कुजबुजीत मिसळतो. यंत्र आधी मातीशी जुळवून घ्यायचं, त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात, ते एवढ्याचसाठी. उथळ वस्तूचा आकडा पाहावा आणि खोल वस्तूचा आवाज ऐकावा, असं मी मानते. डळमळत्या आकड्यात जर एखादा आवाज दोन्ही दिशांनी न तुटता येत असेल, तर मी आकड्याकडे पाहणं सोडून देते.

आता सोनं.

वाहक म्हणून सोनं तिसरं. चांदी, तांबं, सोनं, मग ॲल्युमिनियम. मग सोन्याचं वळं चांदीच्या नाण्याच्या शेजारी का बोलत नाही? एक कारण वर आलंच: दागिन्याचं सोनं शुद्ध नसतं. 18 कॅरटमध्ये तीन चतुर्थांश सोनं, 14 कॅरटमध्ये साठ टक्क्यांनाही थोडं कमी, बाकी तांबं, चांदी किंवा इतर धातू. मिश्रण झालं की वाट खडबडीत. दुसरं कारण दागिना अंगाने बारीक असतो. त्यामुळे सोन्याच्या अंगठ्या माझ्या यंत्रावर 45 ते 70 या पट्ट्यात कुठेही येतात. आणि नेमका हाच पट्टा ॲल्युमिनियमच्या कचऱ्याचा आहे. फॉइलच्या चुरगळलेल्या गोळ्या, कॅनच्या कड्या, झाकणांचे तुकडे. कॅनची सुटी होणारी कडी 1960च्या दशकात आली, अर्मल फ्रेझ या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेतून. डब्यालाच चिकटून राहणारी कडी 1975पासून. मधल्या काळात माणसांनी त्या सुट्या कड्या ओढल्या आणि तिथेच टाकल्या. त्या अजून जमिनीत आहेत, आणि प्रत्येक कडी वेगवेगळी वाकलेली असल्यामुळे प्रत्येकीचा आकडा वेगळा. 53ही असतो, 68ही असतो. त्यातली एखादी कडी नसून अंगठी असते.

साखळीची तर गोष्टच करू नये. सोन्याची नाजूक साखळी कितीही लांब असली तरी यंत्राला ती अखंड वस्तू म्हणून दिसत नाही. प्रत्येक कडी स्वतंत्र, एकीतून दुसरीत वीज धड जात नाही, म्हणून भोवरा एकेका कडीपुरता उठतो आणि विरतो. बहुतेकदा ऐकू येतो तो फासा, साखळीचा तो छोटासा अडकवायचा भाग. मूठभर सोन्यावरून कॉइल जाते आणि यंत्र फॉइलच्या कपट्याइतकं कुरकुरतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी 52च्या खालचं दार लावून घेतलं होतं, कारण माझ्याकडे काकांचं वळं होतं, 62 होतं, पुरावा होता.

दुसऱ्या संध्याकाळी रिकाम्या हाताने परतल्यावर मी मावशीला म्हटलं, "मला नाही वाटत ते तिथे आहे. दुसरीकडे कुठे पडलं असेल." ती काही बोलली नाही. मग तिने आपल्या बोटाकडे पाहिलं, वळ्याचा फिकट पट्टा अजून दिसत होता, आणि म्हणाली, "ते जरा सैलच झालं होतं गं. तेव्हा कापलं ना, तेव्हापासून."

"कापलं?"

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या हाताला गांधीलमाशी चावली होती, बोट सुजून वळं रुतलं होतं. दवाखान्यात ते कापून काढावं लागलं. सूज उतरल्यावर तिने ते हातानेच दाबून जवळ आणलं आणि पुन्हा बोटात घातलं. केसभर फट राहिली होती. सोनाराकडे नेलं असतं तर सांधून मिळालं असतं, पण चार दिवस तिथे ठेवावं लागलं असतं. काका गेल्यानंतर ते चार दिवस तिच्याने झाले नाहीत. कोणाला सांगण्यासारखं तिला त्यात काही वाटलं नव्हतं. "तू विचारलंस कसं होतं, मी सांगितलं जोडीचं होतं. तसंच तर होतं."

मी घरी आले आणि तांब्याच्या जाड तारेचं एक वळं केलं, टोकं डाग देऊन जोडली. कॉइलखाली धरलं, 74. मग पक्कडीने एका जागी कापलं, टोकं जरा विलग केली. धातू तोच, वजन तेच, आकार डोळ्यांना तोच. आकडा आला 45. अखंड वळ्यात वीज पूर्ण फेरी मारते, म्हणून भोवरा मोठा आणि तो रेंगाळतो. एका जागी वाट तुटली की फेरीच संपली; मग उरतात ते तारेच्या जाडीपुरते बारीक भोवरे, उठले आणि विरले. यंत्राच्या लेखी ते वळं राहत नाही, एक वाकडी काडी होते. मी ते तारेचं वळं मिटवलं, उघडलं, मिटवलं. नुसती टोकं टेकवून आकडा धड वर चढत नव्हता.

म्हणजे दोन संध्याकाळी मी मावशीच्या वळ्यावरून कॉइल नेली असणार. कदाचित तीन-चारदा. यंत्राने ते ओळखलंही असणार, आणि माझाच हुकूम पाळून ते गप्प बसलं असणार.

त्या रात्री मला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची गोष्ट आठवत राहिली. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीतून आत गेली आणि ती कुठे आहे हे कोणाला कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. बेल यांनी घाईने एक यंत्र तयार केलं. तारेची वेटोळी आणि कानाला लावायचा त्यांचाच टेलिफोनचा रिसीव्हर. धातू जवळ आला की रिसीव्हरमध्ये आवाज. आज माझ्या हातात आहे त्या यंत्राचं ते पूर्वज म्हणायला हरकत नाही, आणि त्याला स्क्रीन नव्हती, आकडा नव्हता, फक्त कान होता. जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या सुरुवातीला बेल यांनी अध्यक्षांच्या अंगावरून ते फिरवलं. नेमकी जागा सापडली नाही. गादीत पोलादी तारा होत्या, हे त्यांना नंतर कळलं. पण मला खुपतं ते दुसरंच. उपचार करणारे मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, आणि शोध उजव्या बाजूलाच झाला. 19 सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी सापडली ती मणक्याच्या डाव्या बाजूला.

पूर्वी ही गोष्ट वाचताना मी नेहमी बेल यांच्या बाजूला उभी असायचे, चांगलं यंत्र हातात असलेला बिचारा माणूस म्हणून. त्या रात्री मला डॉक्टर ब्लिस आठवत होते. माझी 52ची रेघ ही माझी उजवी बाजू होती.

शनिवारी सकाळी मी पुन्हा गेले. हिरवळीची देखभाल करणाऱ्या माणसाची परवानगी आधीच घेतली होती. या वेळी खड्डे जास्त होतील हे त्याला आधीच सांगितलं, आणि प्रत्येक खड्डा गवताच्या झाकणासकट बुजवून देईन हेही. खणताना मी गवत तीन बाजूंनी कापते आणि चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवते, म्हणजे मुळं जगतात. जमीन कोणाचीही असो, आपण येऊन गेलो हे कळता कामा नये. या छंदाला नावं ठेवली जातात ती बहुधा उघडे खड्डे पाहून, आणि ते योग्यच आहे. जुन्या वास्तूंच्या, संरक्षित स्थळांच्या जवळपास तर यंत्र सुरूच करू नये. 1992च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये हॉक्सन इथे एरिक लॉज नावाचा माणूस एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेला आणि त्याला रोमन काळातला साठा लागला, 14,865 नाणी आणि कितीतरी दागिने, चमचे. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी की थोडं काढल्यावर तो थांबला आणि त्याने कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन बाकीचा साठा जसा ठेवला होता तसा, थरांसकट उचलला. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

या वेळी मी सगळे आकडे उघडले. कान अक्षरशः भरून गेले. त्या हिरवळीखाली इतकी बडबड चालू असेल याची मला कल्पना नव्हती, कारण मी ती कधी ऐकूनच घेतली नव्हती. दर पावलाला 41, 44, 48, मध्येच खिळ्याची घरघर, मध्येच बुचाचं खोटं टोक. सगळं खणायचं म्हटलं तर महिना गेला असता. मग बसून विचार केला. आकड्याने गाळता येत नव्हतं, तर दुसऱ्या कशाने?

वळं पडून पंधरा-सोळा दिवस झाले होते. ते खोल जाऊच शकत नव्हतं. फार तर पायाखाली दबून गवताच्या मुळांत गेलं असेल, दोन बोटं. जे फॉइल वर्षांपूर्वीचं, ते पाऊसपाण्याने आणि मातीच्या थरांनी खाली गेलेलं. म्हणून मी प्रत्येक चाळिशीतल्या आवाजावर कॉइल हळूहळू वर उचलू लागले. उथळ छोटी वस्तू जमिनीजवळ मोठ्याने बोलते आणि कॉइल जरा वर गेली की झटकन मंदावते. खोल वस्तू जमिनीजवळही हळूच बोलते, तिचा आवाज पसरट असतो. शिवाय पिनपॉइंटवर वस्तू किती रुंद आहे याचाही अंदाज येतो. हातभर पसरलेलं उत्तर म्हणजे वळं नव्हे. उथळ, छोटं, आणि दोन्ही दिशांनी सारखं: एवढ्यांनाच खुणेच्या काड्या लावल्या. कॉइल अगदी सावकाश फिरवली. शेजारी लोखंड असलं की त्याची घरघर संपेपर्यंत यंत्राला पुढचं ऐकू येत नाही, आणि घाईत फिरवली तर चांगली वस्तू त्या घरघरीखाली झाकली जाते. दोन तासांनी मागे वळून पाहिलं तर हिरवळीवर चौतीस काड्या उभ्या होत्या.

एकेक खणत गेले. फॉइल. फॉइल. चॉकलेटच्या वेष्टनाची गोळी. कॅनच्या कडीची तुटकी जीभ. फॉइल. लहान मुलाच्या कानातलं खोट्या दागिन्याचं फूल. प्रत्येक वेळी खुरपी टेकवताना मी मनात 'हेच' म्हणत होते आणि प्रत्येक वेळी चंदेरी कपटा हाती येत होता. दुपार झाली. मावशी चटईवर बसून होती, मी काय काढलं ते प्रत्येक वेळी पाहत होती आणि कपटे एका पिशवीत गोळा करत होती. तिने एकदाही 'राहू दे' म्हटलं नाही.

सव्विसाव्या काडीचा आकडा होता 47. त्या आवाजात काही वेगळं होतं, अंगावर काटा आला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. तो हुबेहूब फॉइलचा आवाज होता. मी गवताचं झाकण उलटं केलं आणि माती चाचपली. खड्ड्यात काही नव्हतं. हातातला छोटा पिनपॉइंटर खड्ड्यात गप्प आणि झाकणाशी नेला की थरथरत होता. वस्तू मातीत नव्हतीच, झाकणाच्या मुळांत होती. मी मुळं बोटांनी उलगडली. पांढऱ्या तंतूंमध्ये एक पिवळी कड होती, आणि तिच्यातल्या फटीतून एक मूळ आरपार गेलं होतं.

मी ते मुळासकट मावशीच्या तळहातावर ठेवलं. तिने मूळ ओढून काढलं नाही, नखाने हळूच सोडवलं. फटीतली माती फुंकली. मग वळं बोटात घातलं आणि मूठ घट्ट मिटली.

"किती आकडा आला?" तिने विचारलं. इतके दिवस ती माझ्या तोंडून आकडेच तर ऐकत होती.

"सत्तेचाळीस."

"आणि काकांचं बासष्ट," ती म्हणाली, आणि फॉइलची पिशवी उचलून चालू लागली. मी उरलेल्या आठ काड्या काढल्या आणि खड्डे बुजवले.